वडिलांचं जुनं नेटबुक नव्या वायफायला जोडायचंय, मदत हवी

वाशिष्ठीकाठ | शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, आठवडाभर चिपळूणला माहेरी आले आहे आणि एका गोष्टीवर अडकले आहे. तांत्रिक विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, काही राहिलं तर विचारा.

बाबांचं एक नेटबुक आहे. एसर अस्पायर वन, खालच्या लेबलवर झेडजी५ असं लिहिलंय. २००९ मध्ये घेतलं होतं. ८.९ इंचांचा पडदा, अ‍ॅटम एन२७० प्रोसेसर, १ जीबी रॅम, विंडोज एक्सपी. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर ते आमच्या भागातले शेतीवाडीचे शब्द गोळा करताहेत. कवळ, राब, तरवा, आगोट, पाखाडी असे. प्रत्येक शब्दापुढे तो कुठल्या वाडीत ऐकला, कुणाच्या तोंडून ऐकला, वाक्यात कसा आला, हे सगळं. २२ जुलै २०२१ च्या पुरात खालच्या खोलीतल्या त्यांच्या वह्या गेल्या. नेटबुक माळ्यावर होतं म्हणून राहिलं. आज तो संग्रह फक्त त्या नेटबुकात आहे.

गेल्या महिन्यात टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड काढून फायबर घेतलं. तेव्हापासून नेटबुकाला घरचं वायफाय दिसतच नाही. शेजारच्या दोन घरांची नावं दिसतात, आमचं नाही. आमच्या सगळ्यांच्या फोनवर मात्र व्यवस्थित चालतं. लाइन जोडायला आलेला मुलगा म्हणाला, "काका, हे मशीन मेलंय, फेकून द्या." बाबा तेव्हापासून गप्प आहेत. मेलेलं मशीन शेजाऱ्यांचं वायफाय कसं दाखवेल, एवढंच मला विचारायचंय.

खटपट्या | शनिवार, रात्री ९.५८

ताई, वायफायचं नंतर बघू. आत्ता उठा, पेनड्राइव्ह शोधा आणि तो संग्रह त्यावर उतरवून घ्या. एक पेनड्राइव्हवर, एक तुमच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर. पंधरा वर्षांहून जुन्या हार्डडिस्कवर एकुलती एक प्रत ठेवून तिच्यावर कसलेच प्रयोग करायचे नसतात. ते झालं की इथे लिहा, मग पुढचं सांगतो.

वाशिष्ठीकाठ | शनिवार, रात्री १०.३५

झालं. दोन ठिकाणी प्रत घेतली. फाइल जेमतेम ३ एमबीची आहे, पण उतरवताना हात थरथरत होते. धन्यवाद, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

ठाणेकर_मी | शनिवार, रात्री १०.४१

तुमच्या भावना समजतात, पण खरं सांगू का? एवढा वेळ घालवण्यापेक्षा त्यांना नवा लॅपटॉप घेऊन द्या. एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपलाय. असं यंत्र नेटवर आणणंच मुळात बरोबर नाही.

वाशिष्ठीकाठ | शनिवार, रात्री ११.०५

@ठाणेकर_मी, नवा लॅपटॉप मी दोन वर्षांपूर्वी घेऊन दिला होता. कपाटात आहे. बाबा इनस्क्रिप्टवर (मराठी कळांच्या ठरलेल्या मांडणीवर) टाइप करतात. २००९ मध्ये त्यांनी कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर स्वतः कापून चिकटवले. हलन्ताच्या कळेवरचा स्टिकर केव्हाच झिजून गेलाय, नुसतं गुळगुळीत प्लास्टिक उरलंय, पण बोट बरोबर तिथेच पडतं. ७४ व्या वर्षी त्यांचा हात या छोट्या कळांवर बसलाय तो दुसरीकडे बसत नाही. पडवीत मांडीवर घेऊन लिहितात. एक्सपीचं तुम्ही म्हणता ते मान्य आहे, ते बदलायचीही माझी तयारी आहे.

रेडिओलहरी | रविवार, सकाळी ७.२०

तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये अर्धं उत्तर आहे. शेजाऱ्यांची नावं दिसतात म्हणजे नेटबुकातलं वायफायचं कार्ड जिवंत आहे आणि पुढच्या कडेवरचं वायफायचं सरकतं बटणही चालू आहे. तुमच्या राउटरचं बोलणं त्याला ऐकू येत नाही, एवढाच प्रश्न आहे.

झेडजी५ मध्ये बहुधा अथेरॉसचं एआर५००७ईजी कार्ड असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये खात्री करून घ्या. हे कार्ड वायफायची ८०२.११ बी आणि जी ही जुनी मानकं एवढंच जाणतं. जी हे मानक २००३ चं. म्हणजे फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि कागदावर ५४ एमबीपीएस, प्रत्यक्षात वीसच्या आसपास. ५ गिगाहर्ट्झ त्याला जन्मात दिसणार नाही आणि त्याची गरजही नाही.

तेव्हा तीन गोष्टी तपासा. राउटरवर २.४ चालू आहे का? तो कुठल्या चॅनेलवर, म्हणजे त्या पट्ट्यातल्या कुठल्या क्रमांकाच्या जागेवर, आहे? आणि तुमच्या वायफायचं नाव काय आहे? चॅनेल बघायला फोनवर एखादं वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप घ्या.

चॅनेलचं मुद्दाम विचारतोय. आपल्याकडे २.४ मध्ये १ ते १३ चॅनेल वापरायला परवानगी आहे, अमेरिकेत सर्रास १ ते ११ च वापरतात. त्या काळातल्या पुष्कळ कार्डांमध्ये अमेरिकेचा कोड भरलेला असायचा. अशी कार्डं १२ आणि १३ वर कानच देत नाहीत. राउटर 'ऑटो' वर असेल आणि त्याने आजूबाजूची गर्दी टाळून स्वतःहून १३ निवडला असेल, तर फोनला दिसेल आणि नेटबुकाला नाही. माझ्या ओळखीतल्या दोन घरांत नेमकं हेच निघालं होतं.

वाशिष्ठीकाठ | रविवार, सकाळी ९.१५

चॅनेल १३! अ‍ॅपमध्ये बघून मी ओरडलेच. शेजारचे दोघं १ आणि ६ वर आहेत. कार्ड तुम्ही सांगितलं तेच, एआर५००७ईजी.

वायफायचं नाव भाच्याने हौसेने मराठीत ठेवलंय, 'आमचं खळं'. त्याने फरक पडतो का?

रेडिओलहरी | रविवार, सकाळी ९.४०

पडतो. वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीची प्रत्येक खूण, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, प्रत्येकी ३ बाइट घेते. तुमचं नाव २२ बाइटांत बसलंय, म्हणून राउटरने घेतलं. फोनला ते नीट वाचता येतं, एक्सपीला येत नाही. तिथे नावाच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतील. नाव गोड आहे, ५ गिगाहर्ट्झवर राहू दे. नेटबुकासाठी इंग्रजी अक्षरांतलं साधं नाव ठेवा.

आता राउटरच्या पानावर जा. बहुतेक डब्यांचं १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतं, नाव आणि पासवर्ड डब्याच्या खालच्या स्टिकरवर सापडतो. तिथे २.४ चा चॅनेल ऑटोवरून काढून ११ करा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. 'स्मार्ट कनेक्ट' किंवा तसं काही असेल, ज्यात २.४ आणि ५ ला एकच नाव असतं, ते बंद करून दोघांना वेगळी नावं द्या.

नगरी | रविवार, सकाळी १०.०२

यात एक भर. ज्यांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये इंटेलचं कार्ड आहे त्यांना हाच प्रश्न दुसऱ्या कारणाने येतो. राउटर वायफाय ६ चा, म्हणजे ८०२.११ एएक्सचा असला की इंटेलच्या काही कार्डांच्या जुन्या ड्रायव्हरना (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते नेटवर्क दिसतच नाही. नवा ड्रायव्हर टाकायचा, तो मिळत नसेल तर राउटरच्या २.४ वर एएक्स बंद करायचं. मी नवा ड्रायव्हर टाकला आणि पाच मिनिटांत काम झालं. त्याआधीचे चार दिवस मी पासवर्डच बदलत बसलो होतो.

वाशिष्ठीकाठ | रविवार, दुपारी १२.३०

चॅनेल ११ केला, नाव बदललं. दिसलं! बाबांना हाक मारून दाखवलं.

पण जोडलं जात नाही. पासवर्ड घेतं, थोडा वेळ प्रयत्न करतं आणि सुटतं. पासवर्ड तीनदा तपासला. राउटरवर सुरक्षेच्या रकान्यात 'डब्ल्यूपीए-२/डब्ल्यूपीए-३' असं आहे.

सह्याद्री_वारा | रविवार, दुपारी १२.४४

ते सरळ डब्ल्यूपीए-टीकेआयपी या जुन्या कूटपद्धतीवर टाका, नाहीतर थोडे दिवस पासवर्डच काढून टाका. जुन्या मशीनला तेच झेपतं. गावात कोण येतंय चोरायला.

रेडिओलहरी | रविवार, दुपारी १.१०

@सह्याद्री_वारा, कृपया असं सुचवू नका. उघडं वायफाय म्हणजे त्या घराच्या नावावर रस्त्यावरच्या कुणीही काहीही करावं. आणि टीकेआयपीचा तोटा घरातल्या सगळ्यांना होतो. ८०२.११ एन आणि त्यापुढच्या मानकांचे वेग टीकेआयपीबरोबर वापरायला मनाई आहे. ते लावलं की नवे फोनसुद्धा ५४ एमबीपीएसवर उतरतात. एका यंत्रासाठी आख्ख्या घराचं कुलूप ढिलं करायचं कारणच नाही.

ताई, आता तुमचं. डब्ल्यूपीए-२ हे २००४ चं. मार्च २००६ पासून वायफायचा शिक्का मिळवायला ते सक्तीचं झालं, म्हणजे तुमच्या २००९ च्या नेटबुकाला ते नक्की येतं. एक्सपीला ते सर्व्हिस पॅक ३ मध्ये मिळालं, जुन्या राउटरवर तुमचं चालत होतं म्हणजे तो आहेच. डब्ल्यूपीए-३ आलं २०१८ मध्ये. त्यात हातमिळवणीची पद्धत वेगळी आहे, शिवाय जोडणं-सोडणं सांगणाऱ्या निरोपांनाही संरक्षण लागतं. मिश्र प्रकारात राउटर दोन्ही कुलपांची जाहिरात एकदम करतो. जुन्या यंत्राने त्यातलं आपल्याला कळणारं उचलावं अशी अपेक्षा असते, पण जुने ड्रायव्हर ती लांबलचक जाहिरात वाचून गोंधळतात आणि मागे फिरतात. तुमचं तेच होतंय.

उपाय असा. मुख्य नेटवर्क आहे तसं राहू द्या. राउटरवर 'गेस्ट नेटवर्क' असेल. ते फक्त २.४ वर चालू करा. सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए-२, कूटपद्धत फक्त एईएस. पासवर्ड इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांचा, लांब. शक्यतो पाहुण्यांच्या नेटवर्कला घरातली बाकीची यंत्रं दिसू नयेत असं ठेवा, तशी खूण करायची सोय असते. म्हणजे नेटबुकात काही शिरलं तरी ते तुमच्या फोनांपर्यंत जाणार नाही.

मालवणी_खाजा | रविवार, दुपारी १.३५

एवढं सगळं जमेपर्यंत एक सोपा मार्ग. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरने नेटबुकाला जोडा आणि फोनवर यूएसबी टेदरिंग चालू करा. फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच वायफाय वायरीतून नेटबुकाला मिळतं, सिमचा डेटा जात नाही. लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरायची मोफत प्रणाली) काहीच टाकावं लागत नाही, एक्सपीला ड्रायव्हर मागतं. नेटबुकाला केबलचं भोक असतंच, राउटर जवळ असेल तर लॅन केबल त्याहून बरी. माझ्या काकांकडे दोन महिने असंच चाललं होतं.

वाशिष्ठीकाठ | रविवार, सायंकाळी ५.२०

गेस्ट नेटवर्क केलं. जोडलं गेलं! कोपऱ्यात हिरव्या पट्ट्या आल्या.

आता तिसरी अडचण. एकही साइट उघडत नाही. प्रमाणपत्र चुकीचं आहे, वैध नाही, असं काहीतरी प्रत्येक ठिकाणी. आणि घड्याळात १ जानेवारी २००८ दिसतंय. बाबा म्हणाले, ते तसंच असतं, मी बघत नाही.

खटपट्या | रविवार, सायंकाळी ५.४५

तारीख हेच एक कारण. आतला घड्याळाचा सेल संपलाय, त्यामुळे चार्जर काढला आणि बॅटरी उतरली की घड्याळ मूळ तारखेवर जातं. साइटच्या प्रमाणपत्रावर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. नेटबुकाच्या मते आज २००८ साल आहे, म्हणजे सगळ्या जगाची प्रमाणपत्रं अजून सुरूच व्हायची आहेत. तारीख नीट करून बघा, काही साइट उघडतील.

बाकीच्या तरीही उघडणार नाहीत. एक्सपीचा इंटरनेट एक्सप्लोरर टीएलएसच्या (साइटशी सुरक्षित जोडणीच्या पद्धतीच्या) जुन्या आवृत्तीच्या पुढे जात नाही आणि आजच्या साइट ती स्वीकारत नाहीत. शिवाय हजारो साइट ज्या मूळ प्रमाणपत्राच्या भरवशावर होत्या, ते ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. आता एक्सपीला हात लावून उपयोग नाही. इथे ठाणेकरांचं म्हणणं बरोबर आहे, एक्सपी नेटवर नको.

एन२७० फक्त ३२ बिटी आहे, तेव्हा लिनक्स निवडताना तेवढं बघा. डेबियन या लिनक्सच्या आवृत्ती १२ ला ३२ बिटी इन्स्टॉलर आहे, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ ला नाही. माझा अनुभव अँटीएक्स या हलक्या लिनक्सचा. डेबियनवरच उभं आहे, १ जीबी रॅममध्ये आरामात चालतं. पेनड्राइव्हवरून सुरू करून बघा, हार्डडिस्कला हात लावायचा नाही. तुमच्या अथेरॉस कार्डाचा ड्रायव्हर, एटीएच५के, लिनक्सच्या गाभ्यातच आहे आणि त्याला वेगळं फर्मवेअर (कार्डात भरायचा छोटा प्रोग्राम) लागत नाही. या बाबतीत तुमचं नशीब चांगलं. ब्रॉडकॉमचं ४३१२ असतं तर आधी केबल लावून फर्मवेअर उतरवावं लागलं असतं. नेट जोडलं गेलं की घड्याळ नेटवरून मिळवायला लावा, सेल बदलायची घाई नाही.

एकच सूचना. क्रोम शोधू नका, ३२ बिटी लिनक्ससाठी ते २०१६ मध्येच बंद झालं. फायरफॉक्स वापरा, एका वेळी एक-दोन टॅब.

ठाणेकर_मी | रविवार, रात्री ८.१०

वरचा माझा सल्ला मागे घेतो. स्टिकरचं वाचून माझ्या आईचं शिवणयंत्र आठवलं. ताई, लिनक्समध्ये इनस्क्रिप्ट आहे, मराठीच्या कीबोर्डांत सापडेल, कळांच्या जागा त्याच. बाबांच्या फाइलमध्ये मंगल फॉन्ट असेल तर तिथे लोहित किंवा नोटो दिसेल, मजकूर बदलणार नाही. फक्त फाइल युनिकोडमध्ये (कुठल्याही यंत्रावर सारखीच वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत) आहे ना, की कुठल्या जुन्या फॉन्टात, हे आधी बघा. जुन्या फॉन्टात असेल तर वेगळा धागा काढावा लागेल.

वाशिष्ठीकाठ | रविवार, रात्री ९.००

युनिकोडच आहे. एक्सपीतला मराठी कीबोर्ड वापरूनच त्यांनी पहिल्यापासून टाइप केलंय. उद्या पेनड्राइव्ह तयार करते.

कळफलक | सोमवार, सकाळी ८.२५

वाखु (वाचनखूण) साठवली. माझ्या नेटबुकाचं कार्डच मेलंय, मी काय करावं?

रेडिओलहरी | सोमवार, सकाळी ९.०५

यूएसबी वायफाय डोंगल, म्हणजे यूएसबीच्या भोकात लावायचं छोटं बाहेरचं वायफाय कार्ड. पण खोक्यावरचं नाव बघून घेऊ नका, आत कुठली चिप आहे ते बघा. एकाच नावाचं डोंगल पुढच्या आवृत्तीत वेगळ्या चिपचं निघतं. टीपी-लिंकचं डब्ल्यूएन७२२एन हे याचं ठळक उदाहरण. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसचं एआर९२७१ होतं, नंतरच्या आवृत्त्यांत रिअलटेक आलं. लिनक्सवर एआर९२७१ किंवा रॅलिंकचं आरटी५३७० मिळालं तर डोळे मिटून घ्या. आतलं कार्ड बदलायचं मनात असेल तर एक धोका लक्षात ठेवा, काही कंपन्यांच्या बायॉसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या आतल्या प्रणालीत) ठरावीक कार्डांचीच यादी असते, दुसरं कार्ड बसवलं तर यंत्र सुरूच होत नाही.

वाशिष्ठीकाठ | सोमवार, रात्री १०.१५

आज दिवसभर हेच केलं. पेनड्राइव्हवरून सुरू व्हायला आधी तयार नव्हतं. एफ२ दाबून बायॉसमध्ये गेले, क्रम बदलला, मग झालं. वायफायच्या यादीत आमचं नेटवर्क लगेच आलं, पासवर्ड एकदा दिला आणि जोडलं गेलं. घड्याळ स्वतःहून आजच्या तारखेवर आलं. बाबा ते घड्याळच बघत राहिले.

मग मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. एक रिकामं पान घेतलं आणि 'क्षेत्र' टाइप केलं. हलन्त बरोबर जागी पडला. दोनदा टाइप केलं, मग मान हलवली. तेव्हा मी विचारलं, हार्डडिस्कवर टाकू का, आणि ते "टाक" म्हणाले. आत्ता लिनक्स बसतंय, एक्सपी काढून टाकलं. प्रती तीन ठिकाणी आहेत, तिसरी मेलमध्ये.

वाशिष्ठीकाठ | मंगळवार, सकाळी ६.५०

सर्वांना नमस्कार. मी हिचा बाबा. ही अजून झोपली आहे, मी पडवीत बसून नेटबुकावरून लिहीत आहे. आपण सर्वांनी वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभारी आहे.

एक विचारायचे आहे. येथे मालवणकडचे कोणी दिसतात. लावणीसाठी तयार केलेल्या भाताच्या रोपांना आमच्याकडे 'तरवा' म्हणतात. ती उपटून बांधलेल्या जुडीला 'मूठ' म्हणतात. आपल्याकडे काय शब्द आहेत? वाडीचे नाव लिहिलेत तर नोंद पूर्ण होईल.

मालवणी_खाजा | मंगळवार, सकाळी ७.३०

काका, नमस्कार. आमच्याकडे 'तरवो'. जुडीचं मला नक्की सांगता येत नाही, आज रात्री आईला फोन करून वाडीच्या नावासकट लिहितो.